खडकीचा कर्णधार आणि बोलण्याची किंमत

पिंपळे गुरवहून दापोडीकडे निघाले की प्रथम पवना ओलांडावी लागते आणि दापोडीहून पुढे हॅरिस पुलावरून मुळा. पलीकडे बोपोडी, आणि तिला लागून खडकी. इतिहासाची आवड असणाऱ्यांना खडकी ठाऊक असते ती ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईमुळे. पेशवाईच्या शेवटाची सुरुवात या माळावर झाली, हे शाळेतच शिकवले जाते. त्यानंतर त्या माळावर काय उभे राहिले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

उभी राहिली ती इंग्रजांची छावणी. १८६९ मध्ये तेथे दारूगोळ्याचा कारखाना आला, पाठोपाठ बराकी, कवायतीची मैदाने, कामगारांच्या चाळी. पलटणींबरोबर आणि कारखान्यांच्या नोकरीसाठी तमिळ आणि तेलुगू कुटुंबे आली, स्थिरावली आणि घरात एक, रस्त्यावर दुसरी अशा दोन भाषा बोलू लागली. याच पलटणींनी आणखी एक गोष्ट मागे ठेवली : हॉकी. कोलकात्यात बेटन चषक १८९५ मध्ये सुरू झाला, १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला भारताने पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवले आणि त्या संघाचा तारा ध्यानचंद हा मुळात शिपाईच होता. छावणी असेल तेथे हॉकी, हे समीकरण झाशीला जसे लागू होते तसेच खडकीलाही.

याच खडकीत, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कामगार वसाहतीत, १६ जुलै १९६८ रोजी एका तमिळ कुटुंबात चौथा मुलगा जन्मला. वडील नागलिंगम् मैदानाची देखभाल करणारे कर्मचारी. आई अंदालम्मा. घरात पैसा नव्हता. म्हणूनच मुलाचे नाव धनराज ठेवले, निदान नावाच्या पायगुणाने तरी दिवस पालटतील अशा आशेने. पाच मुलगे, आणि पाचही जणांनी हॉकी खेळावी असा आईचा आग्रह. नवी स्टिक परवडत नसे. मोडलेली स्टिक बांधून घ्यायची, मोठ्यांनी टाकून दिलेला चेंडू उचलायचा आणि धुळीच्या मैदानात मोहम्मद शाहिदच्या ड्रिब्लिंगची नक्कल करायची, हे त्याचे प्रशिक्षण.

येथे काळ लक्षात घ्यायला हवा. १९७५ मध्ये क्वालालंपूरला भारत विश्वविजेता झाला, तेव्हा धनराज सहा वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिक प्रथमच कृत्रिम गवतावर खेळले गेले आणि भारत सातव्या स्थानी फेकला गेला. खेळाची जमीनच बदलली होती. युरोप आणि ऑस्ट्रेलियातील मुले गुळगुळीत टर्फवर वाढू लागली. खडकीतली मुले धुळीतच राहिली. आज पिंपरीच्या नेहरूनगरमध्ये मेजर ध्यानचंद यांच्या नावाचे पॉलिग्रास स्टेडियम आहे, पण ते धनराजच्या बालपणी नव्हते. उंचसखल मैदानावर चेंडू कोठे उडेल याचा नेम नसे. त्यामुळे त्याचे मनगट आणि पाय दोन्ही विलक्षण जलद झाले, असे म्हटले जाते. त्यात तथ्य असेलही. मात्र गरिबीला खेळाचे शिक्षक ठरवताना जरा जपून असावे. त्याच धुळीतून किती मुले पुढे येऊ शकली नाहीत, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तो मुंबईला गेला. थोरला भाऊ रमेश तेथे आरसीएफकडून खेळत होता आणि भारताकडूनही खेळला होता. पुढे धनराजला महिंद्र अँड महिंद्रच्या संघात जागा मिळाली. तेथे त्याला जोकिम कार्व्हालो यांचे मार्गदर्शन लाभले. त्या काळी हॉकीपटू ‘व्यावसायिक’ होता तो एवढ्याच अर्थाने : एखादी कंपनी, रेल्वे किंवा विमानसेवा त्याला नोकरी देई, आणि तो तिच्या संघातून खेळे. देशाकडून खेळण्याचे वेतन असे काही नव्हतेच; दौऱ्यावर भत्ता मिळे, तोही किती, हे महासंघ ठरवी.

१९८९ मध्ये दिल्लीच्या आशिया चषकात त्याने पदार्पण केले. त्यानंतरची पंधरा वर्षे आकड्यांत मांडायची तर एक विलक्षण गोष्ट दिसते. ऑलिंपिक चार : १९९२, १९९६, २०००, २००४. विश्वचषक चार : १९९०, १९९४, १९९८, २००२. चॅम्पियन्स करंडक चार आणि आशियाई स्पर्धाही चारच. सामन्यांची संख्या ३३९ सांगितली जाते. गोलांची? येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याची निराशा होते. १७० च्या आसपासचा आकडा प्रचलित आहे, पण महासंघाने गोलांची अधिकृत मोजदादच ठेवली नव्हती. क्रिकेटमध्ये एकेका धावेचा हिशेब ठेवणाऱ्या देशात ही स्थिती होती, आणि पुढे जे घडले ते समजून घ्यायला ही एक बाब पुरेशी आहे.

मैदानावरचा धनराज ज्यांनी पाहिला, ते प्रथम त्याच्या केसांबद्दल बोलतात आणि मग वेगाबद्दल. मानेवर रुळणारे केस उडवीत तो चेंडू घेऊन धावे, तेव्हा बचावपटूला आधी एकच प्रश्न पडे : पुढे जावे की मागे हटावे. १९९६ च्या ऑलिंपिकनंतर हॉकीतून ऑफसाइडचा नियम गेला. आघाडीच्या खेळाडूला आता गोलाजवळ कोठेही उभे राहता येऊ लागले आणि मैदान जणू लांबले. अशा मोकळ्या जागा त्याच्या वेगाला मानवणाऱ्या होत्या.

परदेशांतील क्लबांनी हे लवकर हेरले. लंडनचे इंडियन जिमखाना, फ्रान्समधील ल्यों, जर्मनीतील स्टुटगार्ट किकर्स, मलेशियातील क्लब, ढाक्याचे अबाहनी, हाँगकाँगचे खालसा. त्याच्या उपजीविकेच्या वाटा अशा जगभर पसरल्या होत्या. तेथे करार होता, ठरलेले मानधन होते. खडकीच्या मुलाला आपल्या खेळाची किंमत प्रथम कळली ती परमुलखात. आणि एकदा किंमत कळली की घरचा हिशेब खटकू लागतो.

आता १९९८. मे महिन्यात उट्रेख्तच्या विश्वचषकात भारत नववा आला. डिसेंबरमध्ये बँकॉकला आशियाई स्पर्धा होत्या. कर्णधार धनराज, प्रशिक्षक महाराज किशन कौशिक. आशियाई सुवर्ण भारताने यापूर्वी एकदाच जिंकले होते, १९६६ मध्ये, आणि तेही बँकॉकलाच. त्या संघाचे गोलरक्षक होते महूचे शंकर लक्ष्मण, मराठा लाइट इन्फंट्रीचे सैनिक. त्यानंतर बत्तीस वर्षे सुवर्णाने हुलकावणी दिली होती. १९९० आणि १९९४ मध्ये रौप्यावर समाधान मानावे लागले, आणि दोन्ही संघांत धनराज होता.

अंतिम सामना दक्षिण कोरियाशी झाला. निर्धारित वेळेत आणि जादा वेळेतही निकाल लागेना. सामना टायब्रेकरवर गेला आणि बंगळुरूचा गोलरक्षक आशिष बल्लाळ कोरियाच्या फटक्यांपुढे उभा राहिला. पेनल्टी स्ट्रोक म्हणजे सात यार्डांवरून एकट्या गोलरक्षकावर मारलेला फटका. वाचविणे हा अपवाद. बल्लाळने तो अपवाद करून दाखविला. सुवर्ण भारताचे झाले. मायदेशी परतल्यावर या संघाचे काय होईल, याची कल्पना करावी : सत्कार, बक्षिसे, मिरवणुका.

झाले ते वेगळेच. १९९९ च्या आरंभी पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेसाठी संघ जाहीर झाला आणि त्यात कर्णधार धनराज नव्हता. बल्लाळही नव्हता. सुवर्ण जिंकणारे आणखी काही ज्येष्ठ खेळाडूही नव्हते. अधिकृत कारण दिले गेले ‘विश्रांती’. कौशिक यांचे प्रशिक्षकपदही गेले. के. पी. एस. गिल तेव्हा भारतीय हॉकी महासंघाचे अध्यक्ष होते. १९९४ पासून २००८ पर्यंत ते त्या पदावर राहिले. धनराज खेळाडूंच्या तुटपुंज्या भत्त्याबद्दल आणि अपुऱ्या सोयींबद्दल उघडपणे बोलत आला होता, आणि या विश्रांतीचा अर्थ क्रीडाजगताने तेव्हाच लावला होता. महासंघाची बाजू निष्पक्षपणे मांडायची तर नव्या खेळाडूंना संधी देणे हा निवडसमितीचा अधिकार असतो. पण बत्तीस वर्षांनी मिळालेल्या विजयानंतर काही आठवड्यांतच तो अधिकार एवढ्या उत्साहाने का वापरला गेला, याचे समाधानकारक उत्तर त्या बाजूने कधी आले नाही.

कॅनडात ‘हॉकी’ म्हटले की बर्फावरचीच समजतात. तेथील व्यावसायिक लीगमध्ये कर्णधाराच्या जर्सीवर इंग्रजी ‘सी’ हे अक्षर शिवलेले असते. ते नुसते मानचिन्ह नव्हे. नियमाच्या अर्थाबद्दल पंचाशी बोलण्याचा अधिकार त्या अक्षराला असतो. कर्णधार म्हणजे संघाच्या वतीने बोलणारा, हे तेथे नियमपुस्तकातच लिहिले आहे. पण मैदानाबाहेर बोलणाऱ्या कर्णधाराचे तेथे तरी काय झाले?

टेड लिंडसे १९५२ ते १९५६ या काळात डेट्रॉइट रेड विंग्ज संघाचा कर्णधार होता. त्याच्या कारकिर्दीत संघाने चार वेळा स्टॅन्ली चषक जिंकला. खेळाडूंच्या निवृत्तिवेतन निधीचा हिशेब मालक दाखवीत नाहीत, हे त्याला खटकले आणि १९५७ मध्ये त्याने सहाही संघांतील खेळाडूंची संघटना उभारली. आदल्याच हंगामात तो गोलसाहाय्यात लीगमध्ये पहिला होता. तरी त्या उन्हाळ्यात डेट्रॉइटने त्याला शिकागोला, गुणतक्त्याच्या तळाशी असलेल्या संघाला, देऊन टाकले. संघटना मोडली. टिकाऊ संघटना उभी राहायला १९६७ उजाडले. बर्फ असो वा धूळ, डाव एकच होता : बोलणाऱ्याला संघापासून वेगळा काढायचा. फरक असेल तर एवढाच की लिंडसेला दुसरा मालक तरी होता. राष्ट्रीय संघाला पर्याय नसतो.

धनराज परतला. त्याच्यावाचून चालण्यासारखी स्थितीच नव्हती. १९९९-२००० चा राजीव गांधी खेलरत्न पुरस्कार त्याला मिळाला. सिडनीला, २००० मध्ये, उपांत्य फेरी एका सामन्यावर येऊन ठेपली होती. समोर पोलंड, भारत १-० ने पुढे, आणि खेळ संपायला दोन मिनिटेही उरली नव्हती. पोलंडने बरोबरी साधली. उपांत्य फेरी गेली. मैदानावर रडणारा धनराज हे त्या पिढीच्या हॉकीप्रेमींच्या मनात कोरले गेलेले चित्र आहे. २००२ च्या चॅम्पियन्स करंडकात, चौतीस वर्षांचा असताना, तो स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००३ मध्ये क्वालालंपूरला त्याच्या नेतृत्वाखाली भारताने पाकिस्तानला ४-२ असे हरवून आशिया चषक प्रथमच जिंकला.

शेवट मात्र मनासारखा झाला नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये कर्णधार दिलीप तिर्की होता, प्रशिक्षक जर्मनीचे गेऱ्हार्ड राख. त्या संघात पुण्याचाच आणखी एक पिल्ले होता, विक्रम. सातव्या स्थानासाठी दक्षिण कोरियाशी झालेला सामना हा धनराजचा अखेरचा ऑलिंपिक सामना. त्यातला बहुतेक वेळ तो राखीव बाकावर बसून होता. पुढे संदीप मिश्रा यांनी त्याचे चरित्र लिहिले, त्याचे नाव ‘फरगिव्ह मी अम्मा’. ऑलिंपिक पदक न आणल्याबद्दल आईकडे मागितलेली क्षमा त्या नावात आहे. या सगळ्या प्रकरणात क्षमा मागणारा तो एकटाच निघाला.

महासंघाचा हिशेब मार्च २००८ मध्ये चुकता झाला. सांतियागोला ग्रेट ब्रिटनकडून हरल्याने भारत १९२८ नंतर प्रथमच ऑलिंपिकला मुकला. प्रशिक्षक होते तेच जोकिम कार्व्हालो. त्यांनी राजीनामा दिला. त्याच वसंतात भारतीय ऑलिंपिक संघटनेने गिल यांचा महासंघ निलंबित केला.

आणि मग जानेवारी २०१०. दिल्लीचा विश्वचषक तोंडावर आला होता आणि भारतीय संघाचे शिबिर पुण्यात, बालेवाडीला चालू होते. पिंपळे गुरवपासून फार लांब नाही. खेळाडूंचे थकलेले मानधन मिळेना. कर्णधार राजपालसिंगने ते मागितले. या वेळी कर्णधार एकटा पडला नाही. सगळ्या संघाने सराव थांबवला. काही जणांना ‘विश्रांती’ देऊन हे मिटण्यासारखे नव्हते. सगळ्यांनाच विश्रांती दिली तर यजमान देशाचा संघ उरत नव्हता. काही दिवस ताणाताण झाली, देशभरातून खेळाडूंना पाठिंबा मिळाला, आणि अखेर मानधन देण्याचे मान्य झाल्यावर मुले मैदानावर परतली.

२८ फेब्रुवारी २०१० रोजी दिल्लीत विश्वचषकाचा पहिला सामना खेळून त्याच संघाने पाकिस्तानला ४-१ असे हरवले. पुढे स्पर्धेत तो आठवा आला. राजपाल कर्णधारपदी कायम राहिला.