आखुडत गेलेली जोगोरी

कोरियन मालिकेतली राणी पडद्यावर आली की आधी नजरेत भरतो तो छातीपासून सुटलेला घेरदार परकर, म्हणजे चिमा. माझं लक्ष मात्र त्यावरच्या इवल्याशा अंगरख्याकडे जातं. त्याचं नाव जोगोरी.

ही जोगोरी मुळात इवली नव्हती. गोगुर्यो राज्यातल्या थडग्यांच्या भिंतींवर पाचव्या शतकात रंगवलेल्या बायकांची जोगोरी कमरेखाली उतरलेली आहे, वरून पट्टा बांधलेला. पुरुषांचीही तशीच. पुढे तेराव्या-चौदाव्या शतकांत मंगोलांचा वरचष्मा आला. त्या काळात ती आखुडली, पट्टा जाऊन छातीवर फितीची गाठ आली. जोगोरी हा शब्द 1420 साली राणी वोनग्योंगच्या अंत्यविधीच्या नोंदीत सापडतो.

सोळाव्या शतकात तिची लांबी सुमारे 65 सेंटिमीटर होती. एकोणिसाव्या शतकात काही जोगोऱ्या साडेचौदावर आल्या. कंपासपेटीतली पट्टीही याहून मोठी!

एवढी कात्री चालवली कोणी? बोट दाखवलं गेलं गिसेंगांकडे, म्हणजे नाचगाण्यात तरबेज कलावंतिणींकडे. फॅशन त्यांच्याकडून खानदानी घरांत शिरली. यी दोक-मू या विद्वानाने 1775 साली यावर चांगलाच त्रागा केला आहे. बाहीत हात घालता घालता जीव जातो, कोपर वाकवला की शिवण उसवते, थोड्या वेळाने दंड सुजतो आणि शेवटी बाही फाडून कपडा काढावा लागतो, अशी त्याची तक्रार. बायकांनी ती मनावर घेतलेली दिसत नाही. शिन युन-बोकच्या चित्रांतल्या सुंदरी त्याच तंग बाह्यांत मजेत उभ्या आहेत.

अंगरखा वर सरकला तशी परकराची पट्टीही वर चढली. खाली उघडी पडणारी छाती झाकायला वेगळी कापडी पट्टी आली, आणि परकर घसरू नये म्हणून तो छातीभोवती करकचून आवळायचा. श्वास कोंडायचा तो इथे, नाजूक दिसणाऱ्या त्या फितीपाशी नव्हे.

सुटका झाली ती शाळेत. 1910च्या दशकात सोलच्या इह्वा मुलींच्या शाळेत चिमाला खांद्यावरून पट्टे जोडले गेले. भार खांद्यांवर गेला, मुलींना धावता येऊ लागलं. चिमा घोट्याच्या वर गेली, जोगोरी पुन्हा खाली उतरली.

आज ग्योंगबोकगुंग राजवाड्यात हा पोशाख घालून येणाऱ्याला तिकीट पडत नाही. भाड्याची चिमा नेसून फोटो काढणाऱ्या मुलींच्या जोगोरीखाली ते शाळकरी पट्टे असतातच. फोटोत दिसत नाहीत, इतकंच.