उलटलेली नाव सरळ करताना

टेंभुर्णीजवळचं उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झालं आणि भीमेच्या पात्राचा समुद्र झाला. नदीकाठच्या गावांना नदी ठाऊक होती, एवढ्या मोठ्या लाटा नव्हत्या. २१ मे २०२४ला वादळात कुगावहून कळाशीला निघालेली बोट उलटली. एकजण पोहून वाचला, सहाजण गेले.

ग्रीनलंडच्या बर्फाळ पाण्यात पोहून वाचता येत नाही. म्हणून तिथले इन्युइट उलटलेली कयाक आत बसूनच सरळ करतात. मोटारबोटी आल्या, ही विद्या विसरत चालली. १९८०च्या दशकात लोकांनी कयाक-मंडळं काढली. आता दरवर्षी स्पर्धेला सगळे जमतात. मुलं आधी जमिनीवर, ताणलेल्या दोरांवर गिरक्या घ्यायला शिकतात.

त्यांनी आजोबांची विद्या परत मिळवली. आपलं पाणी जेमतेम दोन पिढ्यांचं. आपल्याला ती नव्यानेच शिकावी लागेल.