एडिटर उघडेपर्यंत

१९७६च्या सुमारास बर्कलीत बिल जॉय ‘व्हीआय’ हा एडिटर लिहीत होता, तेव्हा त्याच्या घरी ३०० बॉडचं मोडेम होतं. म्हणजे सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं. एडीएम-३ए टर्मिनलवर २४ ओळी, प्रत्येक ओळीत ८० अक्षरं. अख्खा पडदा भरायला मिनिटाहून जास्त लागायचं. व्हीआयच्या आज्ञा एकेका अक्षराच्या आणि इतक्या तुसड्या का, ते या हिशेबातून कळतं. तिकडे एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन आणि मंडळी त्याच काळात ईमॅक्स उभारत होती. त्यांचे पडदे यंत्राला जवळून आणि वेगाने जोडलेले, म्हणून पडद्यावरची उधळपट्टी त्यांना परवडत होती. व्हीआय चांगला की ईमॅक्स या वादात लोकांनी आयुष्यं घालवली. माझ्या मते तो निम्मा वाद तारेच्या वेगाचा होता.

उघडायला लागणाऱ्या वेळाचा खरा इतिहास मात्र ईमॅक्सच्या पोटात आहे. १९८५ साली जीएनयू ईमॅक्स लोकांच्या हाती आला. गाभा सी भाषेत, बाकीचा बराचसा डोलारा लिस्पमध्ये. उघडताना दर वेळी तेवढं लिस्प वाचत बसायचं तर त्या काळच्या यंत्रांवर कोणी तो वापरलाच नसता. (आठ मेगाबाइट गिळतो आणि सतत डिस्क घासत बसतो, अशी त्याची थट्टा तशीही व्हायचीच. आज आठ मेगाबाइटमध्ये एक धड फोटो मावत नाही.) यावर तोडगा असा: ईमॅक्स तयार करतानाच एकदा सगळं लिस्प भरून घ्यायचं आणि त्या क्षणी मेमरीत जे काही असेल ते जसंच्या तसं डिस्कवर उतरवून त्याचाच नवा प्रोग्रॅम करायचा. पुरण आदल्या रात्रीच वाटून ठेवलं की सकाळी फक्त पोळ्या लाटायच्या, तसं. या युक्तीला ‘अनएक्झेक’ म्हणत. तीस वर्षं ती चालली.

पण मेमरीचा हिशेब ठेवतं कोण? सीची लायब्ररी, लिनक्सवर ‘जीलिबसी’. तिच्या आतल्या नोंदी गोठवून नंतर पुन्हा जिवंत करायच्या, तर लायब्ररीने त्या बदलायच्या नाहीत, असा अलिखित करार झाला. २०१६मध्ये जीलिबसीवाल्यांनी सांगितलं, एका एडिटरसाठी हे ओझं आम्ही आणखी वाहणार नाही. वाद बराच झाला. शेवटी डॅनियल कोलासिओनने लिहिलेला ‘पोर्टेबल डंपर’ २०२०च्या ईमॅक्स २७मध्ये आला आणि जुनी युक्ती बाजूला पडली. उघडायला लागणारा वेळ वाचवायचा म्हणून घेतलेलं कर्ज अपडेटच्या दिवशी फेडावं लागतं, हे मला इथे पहिल्यांदा नीट दिसलं.

माझी स्वतःची सुरुवात याच्या अगदी उलट टोकाला झाली. नव्वदच्या दशकात सांगलीच्या कॉलेजात आम्ही टर्बो सी++ वर शिकलो. सी:\टीसी\बिनमध्ये जायचं, ‘टीसी’ टाइप करायचं, एंटर मारायचा आणि बोट उचलायच्या आत निळा पडदा हजर. टर्बो सी++ बनवणाऱ्या बोरलँडची ही परंपराच होती. १९८३चा टर्बो पास्कल, अँडर्स हेल्सबर्गने लिहिलेला. एडिटर आणि कंपायलर मिळून ४० किलोबाइटच्या आत. अपडेट नावाचा प्रकारच नव्हता. वरच्या वर्गातल्या मुलांकडून फ्लॉपी मिळायची, ती चालली तर चाललं. महाराष्ट्रातल्या कित्येक लॅबमध्ये हा निळा पडदा पुढे वीस वर्षं टिकला. बदललं ते विंडोज. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे प्रोग्रॅम चालेनात, तेव्हा मास्तरांनी टर्बो सीला डॉसबॉक्समध्ये बसवलं आणि त्याच जर्नलमधली तीच प्रॅक्टिकल्स पुढे चालू ठेवली.

नोकरीत पाठीमागे लागला तो एक्लिप्स. २००१मध्ये आयबीएमने तो खुला केला. त्याच्या जावा विभागाचं नेतृत्व झुरिकमधला एरिक गामा करत होता. ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकाच्या चार लेखकांपैकी एक. एक्लिप्सची रचना कागदावर फार शहाणी होती. प्रत्येक प्लगइनने आपण काय काय करतो ते एका एक्सएमएल फाइलमध्ये लिहून द्यायचं. प्रत्यक्ष कोड गरज पडली तरच चढवायचा. मग तो उघडायला एवढा वेळ का घ्यायचा? कारण आपलं प्लगइन सुरुवातीलाच जागं असावं, असं प्रत्येक प्लगइनवाल्याला वाटायचं, आणि तशी सोयही एक्लिप्सने देऊन ठेवली होती. सेटिंगमध्ये अशा घाईवाल्यांची यादी असते. तिथल्या खुणा काढल्या की फरक पडतो, हे आमच्यातल्या फार थोड्यांना माहीत होतं. बाकीचे ‘एक्लिप्स हँग झालं’ म्हणून मशीनच रिस्टार्ट करायचे. प्लगइन अपडेट करायला घेतलं, की अवलंबित्वं मोजतोय अशा अर्थाची एक ओळ यायची आणि तिथेच बसायची. तेव्हाच्या माझ्या कंपनीत तर अँटिव्हायरस त्या हजारो बारीक फाइल रोज सकाळी नव्याने तपासायचा. आम्ही तक्रारी केल्या. नवीन अँटिव्हायरस आला, तोही तपासायचाच.

२०१४ला गिटहबने ॲटम हा एडिटर आणला. ब्राउझरच्या इंजिनावर उभारलेला, देखणा, आणि उघडायला मंद. सुरुवातीला दोन मेगाबाइटपेक्षा मोठी फाइल तो घेतच नसे. डिसेंबर २०२२मध्ये तो बंदच केला.

गामा २०११ला मायक्रोसॉफ्टमध्ये गेला, पण राहिला झुरिकमध्येच. तिथे सुरू झालेल्या कामातून एप्रिल २०१५मध्ये व्हीएस कोड बाहेर आला. इंजिन ॲटमचंच, शिस्त एक्लिप्समधून शिकलेली. एक्स्टेंशनने आपण केव्हा जागं होणार ते आधी लिहून द्यायचं. अमुक भाषेची फाइल उघडली तर, अमुक आज्ञा दिली तर. शिवाय सगळी एक्स्टेंशनं वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे एखादं अडखळलं तरी टायपिंग अडत नाही. हे दुसरं कलम मला पहिल्यापेक्षा मोलाचं वाटतं, कारण पहिल्याला पळवाट इथेही आहेच: अटीच्या जागी नुसतं तारांकन टाकलं की एक्स्टेंशन सुरुवातीलाच उठतं. मग गुन्हेगार शोधायला ‘एक्स्टेंशन बायसेक्ट’: निम्मी बंद करायची, बघायचं, उरलेल्यांतली पुन्हा निम्मी. चाळीस असली तरी सहाएक फेऱ्यांत सापडतो.

अपडेट इथे वरचेवर येतं आणि न विचारता येतं. फेब्रुवारी २०२४च्या सुरुवातीला आवृत्ती १.८६ आली. दूरच्या लिनक्स सर्व्हरवर काम करायचं तर तिथे जीलिबसी २.२८ हवी, अशी तिची अट. सेंटओएस ७वर होती २.१७, उबुंटू १८.०४वर २.२७, म्हणजे एका आकड्याने हुकलेली. रात्री चाललेलं कनेक्शन सकाळी बंद. आरडाओरडा झाल्यावर लगोलग १.८६.१मध्ये सवलत मिळाली, तीही तात्पुरती, २०२५मध्ये १.९९ने दार लावलं. आमच्या क्लायंटचे सर्व्हर अजून सेंटओएस ७वरच आहेत आणि ते कधी बदलणार, हे विचारायची सोय नाही. तेव्हा आम्ही सगळे १.९८वर थांबलोय. टीममध्ये नवीन कोणी आलं की मी त्याला आधी सेटिंग उघडायला लावते, ‘अपडेट मोड’ शोधायला लावते आणि तिथे ‘नन’ निवडलेलं स्वतः बघते.