खुराड्याचं दार साडेसहाला लागतं

परसातल्या कोंबड्यांवर हल्ला होतो तो काही मिनिटांचा. त्याआधीचे तास कुणी मोजत नाही, नंतरचे तर मुळीच नाही. वाचलेल्या कोंबडीचं जगणं-मरणं मात्र पुष्कळदा त्या नंतरच्या दोन दिवसांतच ठरतं, आणि तिथे माणसाच्या हातात बरंच काही असतं. पुढचा क्रम कुठल्या एका घराचा नाही. जर्मनीत कासेलच्या आसपास, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी अशी रात्र कशी ओढवते ते मांडलं आहे. पाच कोंबड्या, लाकडी खुराडं आणि घड्याळावर उघडमीट होणारं दार, असं धरून चालू.

१२ एप्रिल १९३४
कासेलच्या नैर्ऋत्येला एडरझे नावाचा मोठा जलाशय आहे. तिथले वनाधिकारी विल्हेल्म फ्राइहेर झिटिश फॉन बेर्लेप्श यांनी या दिवशी रकूनच्या दोन जोड्या रानात सोडल्या. हे अमेरिकन प्राणी रोल्फ हाग यांच्या मालकीचे होते, सोडायची विनंतीही त्यांचीच, आणि हाग स्वतः कोंबडीपालक होते. प्रशियाच्या शिकार खात्याची परवानगी आली ती दोन आठवड्यांनी. पुढे १९४५ मध्ये बर्लिनच्या पूर्वेकडच्या एका फर-फार्ममधूनही काही रकून सुटले. आज कासेल शहरात ते घरांच्या माळ्यांवर राहतात. युरोपीय संघाने २०१६ मध्ये रकूनला उपद्रवी परदेशी प्रजातींच्या यादीत टाकलं. त्याचे पुढचे पंजे बोटांसारखे चालतात. साधी कडी त्याला सहज उघडता येते, आणि षटकोनी जाळीतून हात घालून तो झोपलेली कोंबडी ओढतो.

शनिवार, संध्याकाळी ६.३०
सूर्य सहा वाजून गेल्यावर लगेच मावळला आहे. कोंबड्या आपणहून आत जाऊन दांडीवर बसल्या आहेत. साडेसहाला दार खाली सरकतं. सगळं बरोबर चाललं आहे.

रविवार, पहाटे ३
युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. फ्रांकफुर्टजवळच्या माइनफ्लिंगेनहून निघणारा रेडिओ संदेश दाराच्या टायमरपर्यंत पोहोचतो आणि टायमर आज्ञाधारकपणे वेळ बदलतो. दार आजही साडेसहालाच लागणार. सूर्य मात्र पाच वाजून गेल्यावर मावळणार.

संध्याकाळी ५.४०
अंधार. कोंबड्या दांडीवर आहेत, दार उघडं आहे. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही. ती पळत नाही, ओरडतही नाही, जिथे बसली तिथेच राहते. आपल्याकडे दिवेलागणीला कुणीतरी वाकून खुराड्यात डोकं घालायचं, कोंबड्या मोजायचं आणि मग फळी लावायचं. प्रकाश ओळखणारा सेन्सर असलेलं दारही मिळतं. पण मोजायचं काम कुठलंच दार करत नाही.

६.१०
रकून आत शिरतो. मानेला आणि डोक्याला चावतो. बंद जागेत फडफड सुरू झाली की शिकारी प्राणी भूक भागल्यावरही थांबत नाहीत. मार्डर हा मुंगसाच्या चणीचा प्राणी तर पाच सेंटिमीटरच्या फटीतून शिरून अख्खं खुराडं संपवतो. त्याला क्रूर म्हणायचं कारण नाही. मोकळ्या रानात उरलेले पक्षी उडून गेले असते, इथे ते कोंडलेले असतात.

६.३०
दार लागतं. रकून आत.

६.३५
आवाज घरात पोहोचतो. आधी दार उघडून बाजूला व्हा, त्याला वाट द्या. कोंडलेला रकून माणसालाही चावतो. तो गेला की टॉर्च, टॉवेल आणि पुठ्ठ्याचे खोके घेऊन आत जा. दोन कोंबड्या मेल्या आहेत, तीन जिवंत आहेत. एक रक्तबंबाळ, एक लंगडणारी आणि एक कोपऱ्यात गप्प उभी, अंगावर काही दिसत नाही अशी. सगळे रक्तबंबाळीकडे धावतात. माझ्या मते सर्वांत जास्त काळजी करावी ती त्या गप्प उभ्या असलेलीची.

७.००
रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरा, पुन्हा पुन्हा उचलून पाहू नका. मग प्रत्येकीला वेगळ्या खोक्यात, अंधारात, ऊबेत ठेवा. कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ ते ४२ अंश असतं. धक्क्याने ते झपाट्याने उतरतं आणि मग पक्षी न जखमेने मरतो, न रक्तस्रावाने, नुसता गार पडून. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे तिला नको वाटलं तर सरकता येईल. चोचीत पाणी ओतू नका. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, अर्धवट शुद्धीतल्या कोंबडीच्या फुप्फुसात पाणी जातं. वाटी समोर ठेवा, ती आपणहून पिईल.

८.००
आता गप्प कोंबडी मांडीवर घ्या. पाठीवरची पिसं उलट्या दिशेने फुंकत चला. भिंगाखाली पाहावं इतकं जवळून पाहायचं. दाताचं भोक तांदळाच्या दाण्याएवढं असतं, वर पिसं मिटलेली असतात, रक्ताचा थेंबही बाहेर येत नाही. पंखांच्या खाली, मानेच्या बुडाशी, शेपटीभोवती बोटांनी चाचपा. कातडीखाली चुरचुर लागली तर हवेची पिशवी फुटून हवा आत भरते आहे असं समजा, ते डॉक्टरचं काम. वरवरच्या जखमा एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून धुवा, भरपूर धुवा. मग पाणी घालून पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन. हळद हाताशी असते आणि मनही तिकडेच धावतं, पण खोल भोकात पूड भरली की आतला पू कोंडतो. हायड्रोजन पेरॉक्साइडही नको.

९.००
रविवारची रात्र, दवाखाने बंद. जनावरांच्या डॉक्टरांची रात्रपाळीची सेवा असते, पण कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरला कोंबडी हाताळता येईलच असं नाही. इथे एक कायदा कामी येतो. राणीखेत म्हणजे आपल्या मानमोडीची लस जर्मनीत घरच्या दोन-चार कोंबड्यांनाही सक्तीची आहे. ती लस देणाऱ्या डॉक्टरचा नंबर घरात असतोच. हल्ल्याच्या रात्री तोच लावायचा. मांसाहारी प्राण्याच्या तोंडात पाश्चुरेला जातीचे जंतू असतात, खोल चाव्याला प्रतिजैविक हवं आणि ते लवकर हवं. कोंबडी तुम्ही लेकरासारखी वाढवली असली तरी कायद्याने ती अन्न देणारं जनावर आहे. म्हणून घरातली माणसांची औषधं देऊ नयेत, क्लोरॅम्फेनिकॉल आणि मेट्रोनिडॅझोल तर पूर्ण वर्ज्य. वाचण्यासारखी नसेल तर तिचा शेवटही जाणकारानेच करावा. बेशुद्ध न करता कशेरुक प्राण्याला मारायला इथे कायद्याने मनाई आहे.

सोमवार, सकाळी ७
तुरा पाहा. फिका किंवा निळसर असेल तर धक्का अजून ओसरलेला नाही. विष्ठा पडली आहे का, पाणी कमी झालं आहे का, तेही पाहा. मेलेल्या दोघींना बागेत पुरायचं नसतं, त्या जनावरांचे मृतदेह नेणाऱ्या यंत्रणेकडे द्यायच्या. आणखी एक महत्त्वाचं. एखादी कोंबडी जखम नसताना मेलेली आढळली, तर रकूनवर ढकलून मोकळं होऊ नका. पशुवैद्यक कार्यालयाला कळवा, तो बर्ड फ्लूही असू शकतो. २०२५ च्या शरदात ब्रांडेनबुर्गमधल्या लिनुमजवळ क्रौंच त्याच रोगाने मोठ्या संख्येने मेले.

सोमवार, संध्याकाळी ५
रकून आज परत येणार. त्याला जेवण कुठे मिळतं ते कळलं आहे. त्याला पकडायला किंवा मारायला शिकारीचा परवाना लागतो, म्हणून आपलं काम खुराड्यापुरतं. षटकोनी पातळ जाळी काढून जोडकाम केलेली बारीक चौकोनी जाळी लावा, कडीला कुलूप घाला, टायमरवरची दार लागायची वेळ अलीकडे आणा.

मंगळवार, संध्याकाळी ७
पहिले ४८ तास. गप्प राहणारी कोंबडी आता खाऊ लागली तर बहुधा तरली. जखमेला वास येत असेल, भोवतालची कातडी हिरवट-काळी पडत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरकडे. उन्हाळा असता तर माश्यांच्या अंड्यांतून एव्हाना जखमेत अळ्या झाल्या असत्या. ऑक्टोबरने तेवढी मदत केली.

पुढचे आठवडे
लाल जखम दिसली की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचतात. त्यामुळे जखमी वेगळी ठेवायची, पण नजरेआड नाही. कळपात राहील अशी, मध्ये जाळी घालून. पूर्ण लपवली तर परतल्यावर ती त्यांना परकी वाटते आणि मारामारी नव्याने सुरू होते. मुळासकट उपटलेली पिसं काही आठवड्यांत येतात, तुटून अर्धी राहिलेली मात्र पुढच्या पिसगळीपर्यंत तशीच राहतात. अंडी थांबतील. दिवस लहान होत चालले आहेत, त्यात हा धक्का, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत अंड्याची अपेक्षा ठेवू नये. औषध चालू असताना एखादं आलंच तर डॉक्टरने सांगितलेले दिवस संपेपर्यंत ते खायचं नाही.