व्याडीची कढई आणि सांध्यातील धूळ

इ. स. १०३० च्या सुमारास अल्बेरूणीने हिंदुस्थानविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात उज्जयिनीच्या व्याडी नावाच्या रसायनीची कथा येते. विक्रमादित्याच्या काळी या गृहस्थाने किमयेपायी सारे वित्त उधळले. निराशेने तो पोथीचे एकेक पान नदीत सोडू लागला, तेव्हा एका गणिकेने ती पाने वेचली आणि आपले धन देऊन त्याला पुन्हा प्रयोगास बसविले. तरी सिद्धी येईना. तेल व मानवी रक्त सुचविणारा शब्द त्याने तांबड्या फळाचे नाव म्हणून वाचला होता. पुढे खुंटीवर डोके आपटून त्याचे रक्त डोक्यावरील तेलासह कढईत ठिबकले, आणि तो पाक अंगाला लावताच दोघेही आकाशात उडाली!

अल्बेरूणीचा अशा किमयेवर विश्वास नव्हता. परंतु द्रव्याची खरी परीक्षा मानवी देहाशी गाठ पडल्यावरच होते, हे मर्म या दंतकथेत आहे. रसवैद्य बोटांच्या रेषांत शिरेल इतके बारीक भस्म उत्तम मानीत. सूक्ष्मता हा तेथे गुण होता.

आधुनिक शल्यविद्येला मात्र हीच सूक्ष्मता भोवली. इंग्लंडमधील जॉन चार्नली यांनी खुब्याच्या कृत्रिम सांध्यात प्रथम टेफ्लॉन वापरले. ते झपाट्याने झिजले आणि भोवतालचे मांस सुजले. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी पॉलिएथिलीनची वाटी बसविण्यास आरंभ केला. शिवाय दोन्ही द्रव्यांचे कण स्वतःच्याच मांडीत घालून घेतले. टेफ्लॉनच्या जागी गाठ आली. पॉलिएथिलीनच्या जागी फारसे काही जाणवले नाही.

तथापि काळाची परीक्षा अधिक कठोर ठरली. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने पॉलिएथिलीनचीही धूळ होते. भक्षक पेशी ते कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या चिडून जी द्रव्ये सोडतात, त्यांनी हाड झिजविणाऱ्या पेशी चेतविल्या जातात. परिणामी सांधा अभंग असूनही त्याचा आधारच पोखरला जातो.

यावर उपाय म्हणून धातूवर धातू फिरणारे सांधे पुढे आले. त्यांची धूळ आणखी सूक्ष्म निघाली. कोबाल्ट व क्रोमियम रक्तात उतरले, काही रुग्णांच्या सांध्याभोवतीचे मांस मृत झाले. ऑगस्ट २०१० मध्ये असा एक सांधा जगभरातून परत घेण्यात आला. तो बसविलेल्या भारतीय रुग्णांच्या भरपाईचे सूत्र ठरण्यास २०१८ साल उजाडले.

व्याडीने आपला पाक प्रथम स्वतःच्या अंगाला लावला. चार्नलींनीही द्रव्यांचे कण स्वतःच्या देहात घालून पाहिले. या रुग्णांच्या बाबतीत मात्र परीक्षा त्यांच्याच देहात झाली, आणि तिचा निकाल त्यांना सर्वांत शेवटी कळला.