गोजू-र्‍यू: श्वासातून घडलेली कराटेशैली

गोजू-र्‍यू ही ओकिनावा बेटावरच्या नाहा शहरात घडलेली कराटेशैली. तिचे मूळ कान्र्यो हिगाओन्ना (1853–1915) यांच्या शिकवणीत आहे. त्यांनी चीनच्या फुजियान प्रांतातील फुझोऊ येथे राहून तिथली युद्धकला आत्मसात केली आणि मायदेशी परतून ती शिकवली. नाहात रुजलेल्या या कलेला ‘नाहा-ते’, म्हणजे नाहाचा हात, असे म्हणत. नाहातल्याच सधन घरातला चोजुन मियागी हा मुलगा चौदाव्या वर्षी त्यांच्याकडे आला आणि गुरूच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे तेरा वर्षे, शिकत राहिला.

शैलीला नाव मात्र फार उशिरा मिळाले. 1930च्या सुमारास मियागींचे ज्येष्ठ शिष्य जिनआन शिन्झातो टोकियोत प्रात्यक्षिकासाठी गेले असता ‘तुमची शैली कोणती?’ असे त्यांना विचारण्यात आले. सांगण्यासारखे नाव नव्हते. ही हकिगत कळल्यावर मियागींनी ‘बुबिशी’ या जुन्या चिनी ग्रंथातील मुष्टियुद्धाच्या आठ सूत्रांकडे पाहिले. त्यातल्या श्वासाविषयीच्या सूत्रातून त्यांनी ‘गो’ (कठीण) आणि ‘जू’ (मऊ) हे दोन शब्द उचलले. 1933 मध्ये क्योटोच्या दाई निप्पोन बुतोकुकाई या युद्धकला संस्थेत या नावाची नोंद झाली. नाव श्वासाच्या सूत्रातून घ्यावे, ही निवड सहज झालेली नाही. कठीण आणि मऊ या दोन वेगळ्या तऱ्हा नसून एकाच शरीरात आळीपाळीने येणाऱ्या अवस्था आहेत, हा या शैलीचा गाभा आहे आणि त्यांना जोडणारा दुवा श्वास हाच आहे.

हे तत्त्व शब्दांत फारसे सांगितले जात नाही. ते ‘सांचिन’ या काताने अंगात मुरवले जाते. कात म्हणजे ठरावीक हालचालींची बांधीव मालिका. सांचिनमध्ये पाय खांद्याइतके फाकलेले, बोटे किंचित आत वळलेली, गुडघे थोडे वाकलेले, कंबर आत ओढलेली आणि खांदे खाली दाबलेले असतात. पाऊल अर्धचंद्राकार सरकते. श्वास नाकाने पोटात जातो आणि तोंडाने सावकाश बाहेर पडतो. त्याच्यासोबत सारे अंग आवळले जाते. विद्यार्थी कमरेपर्यंत उघडा असतो. गुरू त्याच्याभोवती फिरत खांदे, पाठ, मांड्या यांवर तळहाताने थापट्या मारून पाहतो. या तपासणीला ‘शिमे’ म्हणतात. कुठे ढिलाई राहिली, कुठे श्वास अडला, हे त्या थापटीत तत्काळ कळते. पाहणाऱ्याला ती शिक्षा वाटते. खरे तर गुरूच्या हाताने केलेले ते शरीराचे वाचन आहे. सांचिनला पूरक म्हणून मियागींनी ‘तेन्शो’ रचले. त्यात तळहात सतत फिरत राहतात आणि मऊपणाला जागा मिळते.

मियागी प्रत्येकाला सारे कात शिकवत नसत. सांचिन सर्वांना, त्यापुढे ज्याच्या अंगकाठीला साजेल असा एखादाच कात, आणि तोही वर्षानुवर्षे. जोडीला दांड्याच्या एका टोकाला दगड बसवलेली ‘चि-इशी’ फिरवायची आणि ‘निगिरी-गामे’ म्हणजे मातीचे घट काठाला बोटांनी धरून चालायचे. घटात वाळू हळूहळू वाढवत नेत. शाळांमधून कराटे पसरावे म्हणून 1940 मध्ये मियागींनी ‘गेकीसाई’ हे सोपे कात बांधले. मार खाऊ नये, मारूही नये, प्रसंगच टळावा, अशी त्यांची शिकवण सांगितली जाते.

1945च्या युद्धात ओकिनावा उद्ध्वस्त झाले. मियागींची काही अपत्ये गेली आणि शिन्झातोही मारले गेले. युद्धानंतर मियागींनी नाहातल्या आपल्या घराच्या अंगणातच पुन्हा शिकवायला सुरुवात केली. छप्पर नसले तरी सांचिन अडत नव्हते. 1953 मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे एइइची मियाझातो यांनी नाहात जुंदोकान, तर मेइतोकू यागी यांनी मेइबुकान ही शिक्षणकेंद्रे चालवली. दोन्हीकडे विद्यार्थी सांचिनच्याच पावलांत उभा राहिला.