बादशहाची मुखत्यारी

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मालकाऐवजी त्याचा कुलमुखत्यार सही करणार असेल, तर दस्ताला एक घोषणापत्र जोडावं लागतं. मुखत्यारपत्र लिहून देणारा हयात आहे, त्याने ते रद्द केलेलं नाही, अन्य कोणत्याही कारणाने ते रद्दबातल ठरलेलं नाही, असं मुखत्यार त्यात स्वतःच्या जबाबदारीवर लिहून देतो. मजकूर ठरलेला, नाव-गाव भरायचं आणि खाली सही ठोकायची. न वाचता होणाऱ्या सह्यांत या सहीचा नंबर बराच वरचा असावा. पण मुखत्यारपत्राचा जीव देणाऱ्याच्या जिवात असतो, हे त्या कागदाला पक्कं ठाऊक आहे.

हा नियम फार जुना. रोमन कायद्यात ‘मांदातुम’ नावाचा करार होता. एकाने दुसऱ्याचं काम अंगावर घ्यायचं, तेही मोबदल्याशिवाय. काम सोपवणारा मेला की करार संपला. आपल्या 1872च्या करार कायद्यातलं 201वं कलमही तेच सांगतं.

मराठी मुलखात हे काम मुतालिक करी. वतनदार असो की खुद्द पंतप्रतिनिधी, शिक्का धन्याचा आणि तो उमटवणारा हात मुतालिकाचा. हुद्दे वंशपरंपरेने चालू लागले तशा मुतालिक्याही चालल्या, इतक्या की मुतालिक हे आडनाव होऊन बसलं. वापरायला दिलेला अधिकार वापरणाऱ्याच्याच घरचा होत जातो, ही या व्यवहारातली जुनी खोड. साताऱ्याचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे यांचं नातं तरी दुसरं काय होतं?

या खोडीचा सर्वात भव्य नमुना मात्र दिल्लीचा. 1784 साली शाह आलम बादशहाजवळ नाव होतं, फौज नव्हती. महादजी शिंद्यांकडे फौज होती. बादशहाने ‘वकील-ए-मुतलक’, म्हणजे आपला सर्वाधिकारी, हे पद मराठ्यांना दिलं. महादजींनी ते घेतलं पेशव्यांच्या नावे आणि स्वतः राहिले त्यांचे नायब. पेशवे सवाई माधवराव तेव्हा दहा वर्षांचे, मुक्काम पुणे. अधिकार बादशहाचा, नाव एका मुलाचं आणि तलवार महादजींची! चार वर्षांनी गुलाम कादिर या रोहिला सरदाराने दिल्ली घेऊन बादशहाचे डोळे काढले. महादजींच्या फौजेने दिल्ली परत घेतली आणि आंधळा बादशहा पुन्हा तख्तावर बसला. मुखत्यारी चालूच.

1792मध्ये महादजी बादशहाचं फर्मान आणि खिलत, म्हणजे मानाची वस्त्रं, घेऊन पुण्यात आले. मोठा दरबार भरला. नाना फडणवीसांना हे रुचलं नव्हतं, आणि त्यांच्या नाखुशीत नुसतं राजकारण नव्हतं. पेशवे हे छत्रपतींचे सेवक. त्यांनी दुसऱ्या धन्याची वस्त्रं कशी घ्यायची? शेवटी साताऱ्याची परवानगी आणली गेली. एका मुखत्याराला दुसऱ्याचा मुखत्यार व्हायला पहिल्या धन्याला विचारावं लागलं. त्या काळाच्या मानाने हे कायद्याचं भान मला थक्क करतं. सोपवलेलं काम परस्पर तिसऱ्यावर सोपवता येत नाही, हे करार कायद्याने त्यानंतर ऐंशी वर्षांनी लिहून ठेवलं.

इंग्रजांनी 1882 साली मुखत्यारपत्रांचा स्वतंत्र कायदा केला. तो जेमतेम दोन पानांचा. देणारा वारल्याचं ठाऊक नसताना मुखत्याराने सद्‌भावनेने केलेल्या व्यवहाराला त्यात संरक्षण आहे. लग्न झालेल्या बाईला, जणू ती अविवाहित आहे असं धरून, मुखत्यार नेमण्याची मुभाही आहे. ‘जणू’वर उभं असलेलं हे स्वातंत्र्य त्या काळी थोडं नव्हतं.

जुनी खोड पुढे जमीनजुमल्यात शिरली. मुद्रांक शुल्क वाचवायचं, किंवा मुळात विकताच न येणारी जागा विकायची, तर पैसे मोजून घ्यायचे आणि खरेदीखताऐवजी साठेकराराबरोबर ‘रद्द न होणारं’ कुलमुखत्यारपत्र हातात ठेवायचं. जोडीला मृत्युपत्र. दिल्लीत तर अशा कागदांवर वसाहतीच्या वसाहती हातोहात गेल्या. सूरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2011मध्ये ठणकावून सांगितलं, की यातून मालकी मिळत नाही. सही करण्याचा अधिकार मिळतो, घर मिळत नाही.

कायद्याची दुसरी बाजू मला अधिक बोचते. 201व्या कलमात मृत्यूच्या जोडीला बुद्धिभ्रंशही आहे. वडील शुद्धीत असताना विचार करून मुलीला मुखत्यारपत्र देतात. पुढे स्मृतिभ्रंश होतो, आणि ज्या दिवसासाठी कागद केला तो उगवताच कागद मोडीत निघतो. इंग्लंडने 1985मध्ये कायदा करून अशा प्रसंगीही टिकणारं मुखत्यारपत्र आणलं. 2005च्या कायद्याने त्यात उपचारांचे निर्णयही समाविष्ट केले. आपल्याकडे तसा कायदा नाही. बेशुद्ध नवऱ्याच्या खात्यातून त्याच्याच इस्पितळाचं बिल भरण्यासाठी बायकोला उच्च न्यायालयात रिट अर्ज करून पालक म्हणून नेमणूक मागावी लागते.